मागची तीन झाकणं

प्रिय टकटक्या,

अक्षर बघून घाबरू नकोस. नऊ वर्षांनी तुला लिहितोय, त्यामुळे 'प्रिय' लिहायलाही धीर गोळा करावा लागला. आधी एकच गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल. भिंगरी सुखरूप आहे. तुझ्या लेकीला साधं खरचटलेलंसुद्धा नाही. समोर झाडाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे, माझ्याकडे पाठ करून. आता एक मोठा श्वास घे आणि मग वाच.

मी बसलोय ती धावपट्टीच्या कडेची पत्र्याची शेड आहे. एक टेबल, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, आणि छताला एक पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. धावपट्टी म्हणजे नारळीच्या दोन रांगांमधलं कापलेलं गवत. गवत संपलं की वाळू, वाळू संपली की समुद्र, आणि त्या समुद्राचा रंग असा की कोणीतरी मुद्दाम कालवून ओतलाय असं वाटावं. आणि गवताच्या मधोमध बदक उभं आहे. हो, आपलंच बदक. दोन इंजिनं, नऊ खुर्च्या, आणि जमिनीवर चालताना डुलायची ती जुनी खोड. हे नाव तूच ठेवलं होतंस, मालकांना मुळीच आवडलं नव्हतं, आणि आज सगळे तेच म्हणतात. त्याच्या दाराला मी लाल फीत बांधली आहे. लाल फीत म्हणजे हे विमान उडवायचं नाही. ती मी स्वतःच्या नावाने बांधली, पण सोडायचा अधिकार मला राहिलेला नाही. का नाही, हे सांगायला एवढा खटाटोप करतोय. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

सहा दिवसांची सहल होती. एक आजीबाई, त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस, सोबत मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. चार माणसांना अख्खं विमान, आणि रोज एक नवं बेट. मालकांनी या पाहुण्यांसाठी खुर्च्यांना पांढरं कातडं चढवलं आणि मला बजावलं, तेलकट हात लावलास तर याद राख. मुलाला दर अर्ध्या तासाने बर्फ लागायचा. सूनबाईंना बेटं बघण्यापेक्षा बेटांसकट स्वतःला बघण्यात जास्त रस होता. आजीबाई मात्र खऱ्या प्रवासी. खाली नवं बेट दिसलं की कपाळ काचेला टेकवून 'अगं बाई!' म्हणायच्या, आणि चार दिवसांत एकदाही ते 'अगं बाई' शिळं झालं नाही. नात माझ्या शेजारी, मागच्या रांगेत. तिचा पुढचा दात हलत होता, आणि तो कोणत्या बेटावर पडणार यावर आमची पैज लागली होती. मी तिसऱ्यावर म्हणालो, पडला दुसऱ्यावर. तो तिने कागदात गुंडाळून मला सांभाळायला दिला, कारण माझ्याकडे कुलपाची पेटी होती. बेटांवर वर्कशॉप नसतं, म्हणून लांबच्या सहलीला मेकॅनिकने हत्यारांची पेटी घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसायचं, ही आपली पद्धत अजून चालू आहे. ज्याने विमान तपासलं, त्यानेच त्यात बसायचं. तू म्हणायचास, कागदावरची सही कसली घेऊन बसलात, ही खरी सही.

आणि विमान चालवत होती भिंगरी. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे पायलट म्हणून रुजू झाली, तो दिवस मला पक्का आठवतो. मी इंजिनाखाली आडवा होतो, आणि समोर येऊन उभे राहिले ते चकचकीत बूट. वर बघितलं तर तुझं नाक, तुझी हनुवटी आणि तुझ्या बायकोचे डोळे. 'काका, ओळखलंत?' म्हणाली. मी ओळखलं आणि डोकं इंजिनावर आपटून घेतलं. ही तीच, जिला तू रिकाम्या खोक्यात बसवून कामाला यायचास, आणि जी चालायला लागल्यावर हँगरभर गरगर फिरायची. मला वाटलं, आता हिच्या तोंडून काहीतरी ऐकावं लागणार. पण तिला काहीच माहीत नव्हतं. तू तिला काहीही सांगितलं नव्हतंस. घरी म्हणे एवढंच माहीत होतं की बाबांना विमानांचा कंटाळा आला आणि त्यांनी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. मला तर हेही अर्धवटच कळलं होतं. तुझ्या दुकानासमोरून मी एकदा गेलो होतो. तू आत वाकून काहीतरी करत होतास, आणि मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेलो. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

तू तिच्याबरोबर निरोप मात्र एक पाठवला होतास. 'बाबांनी सांगितलंय, उडायच्या आधी काकांना रोज विचारायचं, मागची तीन झाकणं बघितली का?' ती हसत सांगत होती. तिला वाटलं दोन जुन्या दोस्तांची काहीतरी जुनी थट्टा असेल. मला मात्र कळलं, ही थट्टा नाही. पहिल्या दिवशी मी खरंच मागे गेलो. शेवटच्या खुर्चीच्या पायाशी असलेली तिन्ही झाकणं, आठ-आठ स्क्रू काढून उघडली, बॅटरीने बघितलं. पायलटच्या हातातल्या चाकापासून शेपटीकडे जाणाऱ्या केबल, त्यांच्या कप्प्या, सगळं स्वच्छ. आठवडाभर रोज उघडली. मग एक दिवसाआड. मग आठवड्यातून एकदा. ती मात्र एक दिवस चुकली नाही. दोन वर्षं, रोज सकाळी, 'काका, मागची तीन?' आणि मी म्हणायचो, 'बघितली.'

आता नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाकडे येतो. तुला त्यातला शब्द न् शब्द पाठ असेल, तरी मला तो एकदा माझ्या हाताने लिहून बघायचाय. आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवरचा हत्यारांचा बोर्ड अजून तसाच आहे. प्रत्येक हत्याराची काळ्या रंगाने काढलेली आकृती, आणि त्यावर ते हत्यार. हत्यार काढलं की त्या जागी आपल्या नंबराचा पितळी बिल्ला टांगायचा, परत ठेवलं की बिल्ला उचलायचा. संध्याकाळी बोर्डावर एक जरी बिल्ला दिसला, तर हत्यार विमानात राहिलेलं असू शकतं, आणि ते सापडेपर्यंत विमान उडत नाही. त्या दिवशी तुझा चार नंबर बुटक्याच्या जागी लटकत होता. बुटका म्हणजे तो बोटभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर, ज्याला तू तुझं सहावं बोट म्हणायचास. तू सांगितलंस, बदकाच्या शेपटीकडच्या भागात काम करताना ठेवला, उचलल्याचं आठवत नाही. तिथली सगळी झाकणं उघडायची म्हणालास. आपण पुढून उघडत आलो. पाच वाजेपर्यंत सगळी झाली, आणि मागची तीन राहिली. मालक दर दहा मिनिटांनी येऊन घड्याळ बघत होते, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पाहुणे होते. तू चहा प्यायला बाहेर गेलास. परत आलास तेव्हा बुटका बोर्डावर होता आणि बिल्ला गायब होता. मालक म्हणाले, 'हे काय, जागेवर तर आहे. सगळ्यांना उगीच कामाला लावलंस.' पुढचं थोडं नंतर लिहितो. पंख्याखाली कागद उडतोय आणि मला पाणी प्यायचंय.

प्यायलो. तर सहलीच्या दुसऱ्या बेटावरची धावपट्टी भलतीच खडबडीत होती. भिंगरीने सांभाळून उतरवलं, तरी बदक असं आदळलं की आजीबाईंचा चष्मा नाकावरून मांडीवर आला आणि नातीचा दात कागदात. तिसऱ्या दिवशी निघालो, तेव्हा वळणावर मला मागून खडखड ऐकू आली. बारीक. एका बाजूला कललो की इकडून, दुसऱ्या बाजूला कललो की तिकडून. माझ्या मागेच मुलाची बर्फाची पेटी ठेवली होती. मी म्हटलं, त्यातला चिमटा वाजत असेल. काल सकाळी तिसऱ्या बेटावरून निघायच्या आधी भिंगरी नेहमीप्रमाणे आली. मी झाडाखाली बसून चहात पाव बुडवत होतो. 'काका, मागची तीन?' तोंडात घास होता, म्हणून मी नुसती मान हलवली. तिने तेवढं धरलं नाही, थांबून राहिली. मग मी घास गिळून स्वच्छ म्हणालो, 'बघितली.'

नऊच्या सुमाराला चौथं बेट दिसलं, आजीबाईंचं 'अगं बाई' झालं, आणि भिंगरीने उतरायला घेतलं. उतरताना शेवटी नाक वर घ्यायला हातातलं चाक आपल्याकडे ओढावं लागतं, हे मी तुला काय सांगणार! नारळीचे शेंडे खाली पसरलेले दिसत होते, आणि तेवढ्यात माझ्या तळपायाखाली खट् झालं. पुढून तिचा आवाज आला, 'काका, चाक मागे येत नाहीये.' ओरडली नाही रे. दुकानात गिऱ्हाइकाला 'हा रंग संपला' म्हणून सांगावं, तसं म्हणाली. नाक खालीच. समोरच्या काचेत आकाश राहिलं नाही, नुसतं हिरवं. माणसाला अशा वेळी सगळं आयुष्य दिसतं म्हणतात, ती शुद्ध थाप आहे. मला दिसत होता पांढऱ्या कातड्यावर उमटलेला माझ्या तेलकट अंगठ्याचा डाग. शेजारच्या पोरीने माझी बाही धरली होती, आणि मी तिला 'काही नाही, काही नाही' एवढंही म्हणू शकलो नाही. मग इंजिनं एकदम गरजली, आणि तुझ्या लेकीने जे केलं ते माझ्या बापजन्मात मला सुचलं नसतं. जमीन अंगावर येत असताना तिने चाक ओढायचं सोडलं, आणि पुढे ढकललं. आणखी खाली! बोटभर, जेमतेम. पायाखाली पुन्हा खट् झालं, काहीतरी घरंगळत गेलं, आणि चाक सुटलं. नाक वर आलं. मागच्या चाकात एक हिरवी झावळी अजून अडकलेली आहे, इथून दिसते. समुद्रावरून एक वळसा घेऊन ती पुन्हा आली आणि अशी अलगद उतरली की आजीबाईंना वाटलं पहिली खेप गंमत म्हणून होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाई रडत होत्या, मुलाने पहिल्यांदाच बर्फ मागितला नाही.

पाहुण्यांना खाली उतरवलं, आणि भिंगरीला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? तिचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, 'बाबांच्या दुकानात. अडकलेलं मशीन ओढायचं नाही, आधी थोडं उलटं सोडायचं. नाहीतर सुई मोडते.' मग म्हणाली, 'चला, उघडू या.' मी झाकणांशी बसलो, ती बॅटरी धरून. पहिलं उघडलं, स्वच्छ. दुसरं उघडलं, स्वच्छ. तिसऱ्याचेही आठ स्क्रू काढले. झाकण उचललं. केबल आणि कप्पी यांच्यामध्ये ताजा, चकचकीत ओरखडा. बाजूच्या भिंतीला आवाज अडवायला चिकटवलेली जाड गादी असते ना, ती खाऱ्या हवेने कुजून सुटली होती, आणि तिच्यामागे एक खाच होती. त्या खाचेवर मी बॅटरी कितीही मारली असती तरी गादी हात घालून उचलल्याशिवाय काही दिसलं नसतं. आणि खाली कोपऱ्यात, आडवा, धुळीने माखलेला, बुटका.

मी ओळखला होता तो, पण मला वाटलं ती ओळखणार नाही. मी हात पुढे केला, त्याआधी तिने तो उचलला, पँटला पुसला आणि दाराच्या उजेडात धरला. मूठ फिरवून फिरवून बघितली. त्या मुठीवर दोन बारीक खड्डे आहेत, शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे. तिने त्यावरून अंगठा फिरवला, मग आपल्या पुढच्या दातांवरून जीभ फिरवली, आणि म्हणाली, 'काका, हे माझे दात आहेत.' अरे, तू तिला ती गोष्ट शंभर वेळा सांगितली आहेस म्हणे! दात येत असताना खोक्यात बसून तिने तुझा बुटका चावून काढला होता, आणि तू म्हणायचास, माझ्या हत्याराला पोरीने शिक्का मारलाय. मग तिने विचारलं, 'हा इथे असेल, तर वर्कशॉपच्या बोर्डावर टांगलाय तो कोणाचा?'

तो माझा आहे. बोर्डावरचा बुटका माझा आहे, टकटक्या. तू चहाला गेलास तेव्हा मी माझ्या पेटीतला काढून तुझ्या जागी टांगला आणि तुझा बिल्ला खिशात टाकला. कोणी मला सांगितलं नव्हतं. मालक फक्त एवढं म्हणाले होते की पाहुणे वेळेवर निघाले तर महिनाअखेरीला मुख्य मेकॅनिकची खुर्ची माझी. मला ती खुर्ची हवी होती. तू परत आलास, बोर्डाजवळ गेलास, तो काढून हातात धरलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, 'हा माझा नाही. माझ्या पोरीचे दात कुठे आहेत ह्याच्यावर?' मालकांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, 'घासले गेले असतील.' तीन शब्द. तू माझ्याकडे बघितलंस, वाद घातला नाहीस, तपासणीच्या कागदावर सही मात्र केली नाहीस. ती मी केली. तू अंगावरचा एप्रन काढलास, घडी घातलीस, टेबलावर ठेवलास आणि गेलास. जाताना त्या तीन झाकणांवर सवयीने बोटाच्या पेराने टकटक करून गेलास, हे फक्त मी बघितलं. पुढच्या वार्षिक तपासणीत मी ती झाकणं उघडली, काही दिसलं नाही, आणि मी स्वतःला समजावलं की तू बुटका दुसरीकडेच कुठेतरी हरवला असशील. नऊ वर्षं मी हे इतक्या वेळा म्हटलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. मला वाटायचं, मी खोटं बोललो खरं, पण त्या खोट्याने कोणाचं काही बिघडलं नाही, फक्त तुझं बिघडलं. बघ, हे 'फक्त' माझ्या मनात किती सहज यायचं.

हे सगळं मी भिंगरीला सांगितलं आणि तिने ऐकून घेतलं. मला वाटलं, संपलं, याहून वाईट काही सांगायचं राहिलं नाही. मग तिने विचारलं, 'आणि आज सकाळी? बघितली होतीत?' अरे, मी जुन्या पापाची कबुली द्यायला निघालो होतो, आणि त्यात माणसाला थोडं बरंही वाटतं. तेव्हा मी लालची होतो, वगैरे. पण ही सकाळची गोष्ट होती. चहाचा कप अजून धुतलेला नव्हता. खडखड मी कानांनी ऐकली होती आणि चोवीस स्क्रू काढायचा कंटाळा केला होता. माझ्या पोटच्या पोरीसारखी पोर थांबून विचारत होती, आणि मी तिच्या तोंडावर 'बघितली' म्हणालो होतो. ते तुझे शब्द होते तिच्या तोंडात. नऊ वर्षं लांबून तू मला तेवढंच विचारत होतास. मी म्हणालो, 'नाही बघितली.' ती उठली आणि त्या झाडाखाली जाऊन बसली. तेव्हापासून तिने माझ्याशी फक्त कामाचं बोलणं ठेवलं आहे, आणि मी ते मुकाट्याने घेतोय.

मालकांना मी इथल्या फोनवरून सगळं सांगितलं. ते म्हणाले, सापडला ना, उचल आणि समुद्रात टाक, नऊ वर्षांपूर्वीचं कशाला उकरतोस, कोणाला कळलंय? मला त्यांचा राग आला नाही. परवापर्यंत मीही हेच म्हणालो असतो. मी सगळं कागदावर उतरवलं, बिल्ल्यासकट, सकाळच्या 'बघितली'सकट, आणि ते सरकारी खात्याला पाठवलं. मुख्य मेकॅनिकची खुर्ची आता माझी नाही, कदाचित नोकरीही नसेल. पाहुणे दुपारच्या बोटीने परत गेले. नातीने जाताना आपला दात मागून घेतला. पेटी उघडून मी तो तिच्या तळहातावर ठेवला, तेव्हा माझे हात इतके हलत होते की तिनेच खालून दुसऱ्या हाताने आधार दिला.

आता हे पत्र कशासाठी, ते. मी माफी मागायला बसलो होतो आणि तीन कागद त्यातच वाया गेले. माफी तुझ्याकडे आहे, द्यायची की नाही ते तुझं तू बघ. पत्र मी भिंगरीसाठी लिहितोय. परवा खात्याचा तपासनीस येईल, बदक आतून बाहेरून तपासेल, सही करेल, आणि नियमाने मी बांधलेली लाल फीत सुटेल. पण तुझी लेक म्हणते, 'कागदाने फीत सुटेल, माझी भीती नाही सुटणार. बाबा येतील, ती तीन झाकणं स्वतः उघडतील, बंद करून बोटाने वाजवतील, तो आवाज मी ऐकेन, तेव्हाच मी पुन्हा चाक हातात घेईन. नाहीतर कधीच नाही.' ज्या पोरीने काल सहा जणांना वाचवलं, ती आज विमानाकडे बघतही नाही, आणि हे माझ्यामुळे आहे. उद्या सकाळच्या बोटीने ती तुला आणायला निघते आहे. हे पत्र मी तिला उघडंच देतोय, वाच म्हटलं तर म्हणाली, ते बाबांचं आहे. बुटका तिच्याजवळच आहे, पुन्हा माझ्या हातात तिने दिलेला नाही. मी सोबत फक्त तुझा चार नंबरचा बिल्ला घालतोय. नऊ वर्षं तो माझ्या पेटीच्या तळाला, फडक्याखाली होता. ज्याचा बिल्ला, त्यानेच हत्यार जागेवर ठेवायचं, हे तुला सांगायला नको. ये, टकटक्या. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तुझं काम झालं की भिंगरी बदक घेऊन परत निघेल, आणि ज्याने तपासलं त्यानेच शेवटच्या खुर्चीवर बसायचं असतं. ती जागा तुझी. मी बोटीने येईन.

तुझाच,
(हा शब्द खोडावासा वाटला तर खोड)
लांब्या